रावेरच्या मुलांनी समुद्र कुठे पाहावा?

दिवाळीची सुट्टी संपली की माध्यमिक शाळांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. मुलांना समुद्र दाखवायचा म्हटले की खानदेशातली बस डोळे मिटून कोकणाकडे वळते. याला पाठ्यपुस्तकाचाही आधार मिळतो. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे आणि त्यातली मुले नळदुर्गहून निघून अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचतात. पाठ चांगला आहे, कारण त्याचे सगळे मर्म वाटेत आहे. कोरड्या पठारावरून निघालेली मुले उजनीच्या फुगवट्याशी थांबतात, घाट उतरतात, माती, पिके आणि झाडे कशी बदलत गेली ते टिपत समुद्राशी येतात. आपण त्या पाठातले ठिकाण उचलले आणि रीत मागे ठेवली. रावेरहून रात्री निघालेली बस पहाटे किनाऱ्यावर उभी राहते तेव्हा मधल्या प्रदेशाचे काहीच मुलांच्या वहीत उतरलेले नसते. रावेरच्या मुलांना समुद्र जरूर दाखवावा, पण तो आपल्या नदीच्या मुखाशी, सुरतजवळ डुमसला दाखवावा. आणि त्या सहलीची सुरुवात सातपुड्याच्या पायथ्याशी व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

पायथ्याशीच का, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पालच्या जंगलातून येणारी सुकी गारबर्डीच्या धरणाशी अडते आणि पुढे डोंगर सोडून सपाटीवर उतरते. तिथे तिच्या पात्रात गोटे, खडी आणि जाड वाळू यांचे थर आहेत. सातपुड्यातून खाली येणाऱ्या प्रत्येक नाल्याने हजारो वर्षे हाच माल इथे आणून टाकला. या पट्ट्याला भूगोलात बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी सर्वात वेगाने जमिनीत मुरते ते इथे, आणि पुढे केळीच्या बागांखालचे भूजल त्यावर भरते. दोन्ही तोंडे कापलेला एक पत्र्याचा डबा घ्यावा, तो आधी खडीच्या पात्रात आणि मग बागेतल्या काळ्या मातीत चार बोटे रोवावा, दोन्ही वेळा तेवढेच पाणी ओतावे आणि घड्याळ लावून बसावे. एका ठिकाणचे पाणी बघता बघता दिसेनासे होते, दुसऱ्या ठिकाणचे रेंगाळते. नववीच्या मुलाने हा फरक स्वतः मोजून लिहिला की भूजल हा शब्द त्याच्यासाठी परीक्षेपुरता राहत नाही. रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित भूजलाच्या यादीत का गेले, केळीच्या मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही लागवडी जगवताना ट्यूबवेल दर काही वर्षांनी आणखी खोल का न्याव्या लागतात, हे प्रश्न मग तो आपणहून विचारू लागतो. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पाण्यावर ती केळी उभी आहे, त्याचा हिशेब मात्र तालुक्यातल्या शाळांत मांडला जात नाही.

दुसरा मुक्काम बुऱ्हाणपूर. रावेरहून सकाळी निघून दुपारी परतता येईल इतके ते जवळ आहे. 1615 मध्ये अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात तिथे कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यात पाझरू द्यायचे, नुसत्या उतारावर ते शहरापर्यंत आणायचे आणि वाटेत शंभराहून अधिक कुंड्यांतून हवा-उजेड द्यायचा, अशी ती योजना. इराणी कनातींची ही पद्धत इथे जमली, कारण पायथ्याचा खडीचा थर तिला अनुकूल होता. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी ज्या तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार केला, तिचा भरवसाही याच थरावर आहे: पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी कालव्यांनी पायथ्याच्या पट्ट्यात फिरवायचे आणि तिथे मुरू द्यायचे. चारशे वर्षांच्या अंतराने दोन राजवटींना एकाच भूरचनेचा आधार घ्यावासा वाटला. योजना होईल, रखडेल किंवा बदलेल. पण तिच्यावर मत देणारे उद्याचे मतदार आज आठवी-नववीत आहेत, आणि त्यांनी तो थर हाताने चाचपलेला असणे मला फार मोलाचे वाटते.

मग तापी. मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचे खोरे 65,145 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातला सुमारे 79 टक्के भाग महाराष्ट्रात येतो. मुख गुजरातेत असले तरी तिथे पोहोचणारे पाणी आणि गाळ बहुतांश आपल्याकडचा, हे या आकड्यातूनच कळते. चांगदेवला वऱ्हाडातून आलेली पूर्णा तापीला मिळते आणि थोडे खाली हतनूरचे धरण आहे. तिथे गाळाने भरत गेलेला जलाशय आणि त्या उथळ पाण्यावर उतरणारे पक्षी मुलांना एकत्र पाहायला मिळतात. हतनूरचे 41 दरवाजे उघडल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो. ते पाणी सारंगखेडा, प्रकाशामार्गे उकाईच्या धरणात जाते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडाव्या लागलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडवला, तेव्हा त्यातला बराचसा पाऊस वरच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्याच डोंगरांवर पडलेला होता. पूर म्हणजे काय हे व्याख्येतून शिकवता येते. पण वरचा पाऊस खालच्या शहराचे काय करतो, हे कळायला नदीची दोन्ही टोके पाहावी लागतात.

खालच्या टोकाला पाहण्यासारखे फार आहे. सुरतेत सिंगणपूरला 1995 मध्ये तापीवर बंधारावजा कॉजवे बांधला. त्याच्या वर गोडे पाणी, खाली भरतीसोबत चढणारे खारे पाणी. खाडी, भरती, क्षारता हे धड्यात वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले शब्द इथे एका भिंतीच्या दोन बाजूंना दिसतात. खंभातच्या आखाताच्या या टापूत भरती-ओहोटीतला फरक देशातल्या सर्वात मोठ्या फरकांत मोडतो, त्यामुळे डुमसला पाणी मागे हटते तेव्हा चिखलाचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. तिथली वाळू काळसर आहे. त्या वाळूतून चुंबक फिरवून काय चिकटते ते पाहावे आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाशी त्याचा काही संबंध लागतो का, यावर वर्गात भांडावे. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाईत गाळ अडू लागल्यावर मुखाकडे किती पोहोचत असेल, हा पुढचा प्रश्न. किनारा नदी घडवते, हे वाक्य मुले पाठ करतात. त्यामागची उलाढाल त्यांना दिसायला हवी.

यावर भूगोलाच्या शिक्षकांचाच पहिला आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. समुद्रकडे, तरंगघर्षित मंच, दोन भूशिरांमधली पुळण ही भूरूपे कोकणात जशी दिसतात तशी डुमसच्या सपाट, गाळाच्या किनाऱ्यावर दिसणार नाहीत. खरे आहे. पण ही भूरूपे चित्रातून आणि चित्रफितीतून बऱ्यापैकी समजतात. भरतीचे पाणी नदीत मागे चढताना पाहणे चित्रातून साधत नाही. शिवाय कोकणातल्या पुळणीचा रावेरच्या मुलाच्या रोजच्या जगण्याशी धागा जोडून देणे शिक्षकाला अवघड जाते, तापीचा धागा आधीच जोडलेला आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर मुख्याध्यापक किनाऱ्याच्या नावाने कचरतात, यात नवल नाही. डुमसचा चिखल आणि वेगाने येणारी भरतीही धोक्याचीच आहे. म्हणून तिथे पाण्यात उतरायचेच नाही हा नियम, भरतीचे वेळापत्रक हातात, आणि काम किनाऱ्याच्या वरच्या कडेवरून, एवढे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. मोकळ्या वेळेत समुद्राकडे धावत सुटलेल्या मुलांपेक्षा चौघांच्या गटात वही आणि काम घेऊन उभी असलेली मुले सांभाळायला सोपी असतात. ज्या शाळेकडे पुरेसे शिक्षक नाहीत, तिने फक्त सिंगणपूरपर्यंत जावे. खारे-गोडे पाणी तिथेही समजते. आणि मुलांची मौज? ती हवीच. चार दिवस घराबाहेर राहण्याची मौज अशा सहलीत कमी होत नाही.

राहिला खर्च. पायथा, बुऱ्हाणपूर आणि हतनूर या तिन्ही भेटी एकेका दिवसाच्या आहेत, त्या आठवी-नववीत उरकता येतात. सुरतसाठी भुसावळहून ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग आहे, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा. मुक्कामाचा प्रश्न तर खानदेशाने फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून कामासाठी गेलेली हजारो कुटुंबे राहतात आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. परराज्यातल्या सहलीची परवानगी हे खरे अडथळ्याचे काम आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने तापीच्या मार्गाला एकदाच मान्यता देऊन ठेवली तर प्रत्येक मुख्याध्यापकाला वेगळे खेटे घालावे लागणार नाहीत. पुढची पायरी म्हणजे रावेरची एक शाळा आणि सुरतची एक मराठी शाळा यांची जोडी. पावसाळ्यात इकडच्या मुलांनी आपल्या गावचा पाऊस आणि हतनूरचे किती दरवाजे उघडले ते कळवावे, तिकडच्यांनी सिंगणपूरला पाण्याची पातळी कधी आणि किती चढली ते लिहून पाठवावे, आणि हिवाळ्यात सहल निघेल तेव्हा दोन्ही वर्गांनी आपल्या वह्या शेजारी शेजारी ठेवून एकाच कागदावर आलेख काढावा.