कथील : उपयोग पाठ करण्याआधी कल्हई समजून घेऊ या



"कथलाचे दोन उपयोग लिहा." मुलं झटकन लिहितात : भांड्यांना कल्हई करणे, डबे तयार करणे. दोन गुण मिळाले, विषय संपला. आता त्याच मुलाला विचारा, "कथील कुठे पाहिलंस?" ते छपराकडे बोट दाखवेल, "तो काय टिनचा पत्रा!" खरं तर तो पत्रा बहुतेक लोखंडाचा आणि त्यावरचा मुलामा जस्ताचा असतो. खाद्यपदार्थांचा 'टिनचा डबा'सुद्धा मुख्यतः पोलादाचाच; कथील असतं ते फक्त पातळ थरापुरतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कथलाचा पाठ पुस्तकातून नव्हे, स्वयंपाकघरातून सुरू करावा.

पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते. का? आंबट पदार्थाची तांब्याशी क्रिया होते, तांब्याचे क्षार अन्नात उतरतात आणि पोट बिघडतं. कथलावर हवा, पाणी आणि सौम्य आम्लं यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ते मध्ये पहारेकऱ्यासारखं उभं करायचं. हीच कल्हई.

कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने चकाकता थर पसरवतो. नवसागर कशाला? धातूवरचा ऑक्साइडचा थर निघून जावा आणि कथील नीट चिकटावं म्हणून. आणि भट्टीवर कथील वितळतं, पण भांडं का वितळत नाही? कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं 1085 अंशांना, पितळही 900 अंशांच्या आसपास. पाठ करायला कंटाळवाणे वाटणारे हे आकडे इथे लगेच कळतात.

आजी म्हणायची, "कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नकोस." तेही हेच विज्ञान! आत पाणी असेल तर तापमान 100 अंशांच्या आसपास राहतं. रिकामं भांडं 232 सहज ओलांडतं आणि कल्हई वितळते.

पालकांना एक विनंती. हल्ली पितळेची भांडी पुन्हा घरात येत आहेत. ती शोभेपुरती नसतील तर कल्हई करून घ्या आणि शुद्ध कथलाचाच आग्रह धरा. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर ते अन्नात उतरू शकतं, आणि मुलांच्या मेंदूसाठी शिसं फार घातक आहे. कल्हई उडून आतला पिवळा रंग दिसू लागला की पुन्हा करायची.

शिक्षकांनी जमल्यास एखाद्या कल्हईवाल्याला शाळेत बोलवावं. मुलांना धुरापासून लांब, मोकळ्या जागेत बसवावं. मग प्रश्न बदलावा. 'उपयोग लिहा' ऐवजी विचारावं, "या कामाला कथीलच का?" उत्तर द्यायला मुलाला थोडा वेळ लागेल. लागू द्या, तेव्हाच ते शिकत असतं.