अक्षरओळखीआधीचे वाचन

विशेष प्रतिनिधी, नाशिक

औष्णिक वीज केंद्रामुळे राज्याला परिचित असलेल्या एकलहरे येथील चार वर्षांचे मूल पाटी पाहून गावाचे नाव सांगते, तेव्हा ते अक्षरे वाचत नसते. मात्र पाटीवरील खुणांना अर्थ असतो, हे त्याला उमगलेले असते. ‘ए-क-ल-ह-रे’ असे अक्षरागणिक टाळी देत म्हटले, की शब्दाचे तुकडेही कानाला कळू लागतात. वाचनाचा पाया तो हाच.

पालकांचा आग्रह मात्र तिसऱ्या वर्षीच पेन्सिल आणि वहीभर बाराखडीचा असतो. बोटांचे स्नायू तयार नसताना गिरवलेले अक्षर हात शिणवते. ते अर्थाशी जुळतेच असे नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडला गाणी, गोष्टी आणि परिसरातील वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ देशभर पोहोचली. परंतु पोषण आहार, लसीकरण व नोंदवह्यांच्या व्यापात गोष्टीला सवड थोडीच उरते.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये ठेवलेले उद्दिष्ट. त्याची मोजणी तिसरीत होईल; निकाल मात्र बराचसा पहिलीपूर्वीच, घरातील गप्पागोष्टींत आणि अंगणवाडीत ठरलेला असेल.