आधी वाचा, मग मोजा

“आकड्याला काका-मामा नसतो.” कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायली तपासायला बसलो की माझे एक ज्येष्ठ सहकारी हे वाक्य हमखास म्हणतात, आणि ते म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला हा पहिला माणूस. उमेदीच्या वर्षांत तीन मुलाखतींतून ते रिकाम्या हाताने परतले आणि तिन्ही वेळा ज्याची चिठ्ठी आली होती त्याची निवड झाली. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय ही गुणांकनाची पद्धत आणली, तेव्हा त्यांना मोकळा श्वास घेता आला. लेख मोजायचे, गुण लावायचे, बेरीज करायची. साहेबांच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

त्यांचा युक्तिवाद कमकुवत करून मांडणं मला अन्यायाचं वाटतं. ते म्हणतात, आपल्याकडे तज्ज्ञांचं मत म्हणजे पुष्कळदा जात, गट आणि गुरुबंधुत्व यांचं मत असतं. आकडा निदान सगळ्यांना एकच पट्टी लावतो. शिवाय एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, ते वाचणार कोण आणि कधी? आणि सगळं जग इम्पॅक्ट फॅक्टर आणि साइटेशन पाहत असताना आपणच वेगळी चूल का मांडायची?

या तिन्ही गोष्टी मला नाकारायच्या आहेत. मात्र त्यांच्या मुळाशी जी वेदना आहे ती मला मान्य आहे.

आकड्याला काका-मामा नव्हते, पण आपण ते मिळवून दिले. आयोगाची २०१८ ची नियमावली पाहा. लेखाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला मूळ गुणांच्या ७० टक्के मिळतात. मानव्यविद्येतल्या एका लेखाला १० गुण धरले, तर एकट्याने लिहिणाऱ्याला १० आणि दोघांनी मिळून लिहिल्यास प्रत्येकी ७. आता दोन मित्रांनी एकेक लेख लिहिला आणि दोन्हींवर दोघांची नावं घातली, तर प्रत्येकाच्या खात्यात १४ गुण जमा. कामात एका ओळीचीही भर पडलेली नाही. अशी जोडनावं मी फायलींत वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. ती घालणारी माणसं मुळात लबाड नव्हती. प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला किमान १२० संशोधन गुण हवेत आणि घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत, अशा माणसापुढे आपण हे गणित ठेवलं होतं.

नियतकालिकांचं तर बोलायलाच नको. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तिच्यातला एक मोठा भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा होता. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातली नियतकालिकं निवडून तपासली आणि मार्च २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नसलेली १,००९ नियतकालिकं त्यांनी पारखली. त्यांतली सुमारे ८८ टक्के कमी दर्जाची असावीत, असं दिसलं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं यांसारखी साधी माहितीही एकतर नव्हती किंवा चुकीची होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये केअर ही नवी यादी आली. तिचं काम याच विद्यापीठाकडे होतं आणि तिथल्या लोकांनी ते मनापासून केलं. पण यादी आली की यादीच्या नावाने दुकानं थाटणारेही येतात. केअरमधल्या जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाची बनावट संकेतस्थळं उभी राहिली, पैसे घेऊन आठवड्यात लेख छापू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीच बंद केली आणि दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. स्टाफरूममधला “सर, केअरमध्ये आहे ना?” हा प्रश्न त्या दिवशी संपायला हवा होता. तो संपला नाही. आता विचारतात, “सर, स्कोपस आहे ना?”

म्हणजे वशिला हटलाच नाही. चिठ्ठीच्या जागी पावती आली, एवढंच. आणि ज्याच्यापाशी पावतीचे पैसे नाहीत तो उमेदवार पुन्हा दारातच उभा आहे. माझ्या सहकाऱ्यांना ज्याची सर्वांत जास्त काळजी आहे, तोच.

यावर कोणी म्हणेल, हा बनावट मालाचा दोष झाला, खऱ्या मापाचा नव्हे. तर खरं मापही पाहू. इम्पॅक्ट फॅक्टर काढतात तो असा : एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचा यंदा किती वेळा हवाला दिला गेला, त्याला त्या दोन वर्षांतल्या लेखसंख्येने भागायचं. ही नियतकालिकाची सरासरी आहे. थोड्या लेखांचे खूप हवाले दिले जातात, बाकीच्यांचे मोजके, काहींचा एकही नाही. वर्गाची सरासरी ६० आली म्हणून प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर ६० छापणारी शाळा आपण चालू देणार नाही. आणि २०१८ च्या नियमावलीने नेमकं हेच केलं. इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आत असेल तर लेखाला जादा १० गुण, दहाच्या वर असेल तर ३०. लेखात काय आहे, हा प्रश्न कुठेच येत नाही. गणितात एखादी सिद्धता पचायला वर्षं लागतात, वैद्यकात हवाले महिन्यांत जमतात. दोघांना हीच दोन वर्षांची खिडकी.

या खिडकीबद्दल बोलताना मला नेहमी नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आठवते. आपल्या नवी मुंबईतल्या किती जणांना ती ठाऊक आहे, कोण जाणे. महामार्गावरून जाताना ती मागे पडते. या संस्थेचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. तिथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी, अकराच्या सुमारास, कुलाब्याच्या उपकरणांत क्षेत्राची तीव्रता एकाएकी कोसळली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर झगझगीत स्फोट पाहिला होता, त्याचा तो तडाखा. लंडनजवळच्या क्यूमध्ये छायाचित्रण पद्धतीची नोंद पट्टीबाहेर गेली. कुलाब्याला माणसं डोळ्यांनी वाचून हाताने आकडे लिहीत होती, म्हणून तो सबंध उतार आणि चढ कागदावर उतरला.

ते कागद तसेच राहिले. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवायचं ठरलं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये तिथे निरीक्षणं सुरू केली, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग एकदमच चालू ठेवली. साखळी तुटू नये म्हणून घेतलेली ही काळजी. आणि २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, आणि आपल्या संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. ॲलेक्स यांनी कुलाब्याची ती जुनी नोंद बाहेर काढली. क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचं त्यांनी दाखवलं. मार्च १९८९ मधल्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेकचा वीजपुरवठा नऊ तास बंद पाडला, त्याहून हे बरंच मोठं होतं. आज उपग्रह, वीजवाहिन्या यांच्यासाठी सर्वांत वाईट काय घडू शकतं याचा अंदाज बांधताना १८५९ चं हे वादळ मापदंड धरलं जातं.

मधे १४४ वर्षं गेली. त्या माणसांच्या कामाला दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिलं असतं तर काय दिसलं असतं? शून्य. नोंदवही सांभाळणाऱ्या, उपकरण रोज त्याच वेळी वाचणाऱ्या माणसाला आजही आपल्या गुणपत्रकात रकाना नाही. आणि असं रोजचं काम करायला नवी मुलं तयार होत नाहीत, तर त्यांचा दोष मी कसा काढू?

दुसरं उदाहरण विज्ञानाबाहेरचं, आणि मला अधिक जवळचं. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी तपासणी समितीवर होतो. एका तरुण उमेदवाराचा लेख होता उरण-पनवेलच्या मिठागरांतल्या शब्दांवर. खाजण, खारबंदिस्ती, उघाडी, उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं याचे बोलीतले शब्द, आणि ते शब्द वापरणाऱ्या वृद्ध आगरी माणसांच्या मुलाखती. मराठीतला, मराठी नियतकालिकात आलेला. ते नियतकालिक तेव्हा यादीत नव्हतं. गुण शून्य. दोन मिनिटांत पुढची फाइल आली. लेख कोणी उघडला नाही, आणि हे सांगताना मला लाज वाटते की मीही तेव्हा तोंड उघडलं नाही.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. आगरांवर भराव पडला, अलीकडे उलव्याच्या बाजूला विमानतळासाठी गावं उठली. ती माणसं गेली की ते शब्दही जाणार. त्या लेखाचे वाचक इथेच आहेत : जासईत, करंजाड्यात, उरणच्या शाळांत. ते त्याचा हवाला स्कोपसमध्ये देणार नाहीत. मराठी नियतकालिकं त्या सूचीत अपवादानेच सापडतात. म्हणून ज्या समाजाच्या जमिनीवर आपली विद्यापीठं बांधली, त्याच्याविषयी त्याच्याच भाषेत लिहिणं हे आपल्या हिशेबात संशोधन ठरत नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं जमवली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली. त्यांची फाइल आज माझ्यासमोर आली तर मला कुठला रकाना भरता येईल, ते मला सांगा.

‘जग तसंच करतं’ हेही आता खरं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-शास्त्रज्ञांनी जो जाहीरनामा तयार केला, त्याची पहिलीच शिफारस अशी की, नियतकालिकाचा आकडा हे एकेका लेखाच्या किंवा माणसाच्या गुणवत्तेचं माप मानू नये. नेदरलँड्सच्या उत्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका-बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकला. चीनने २०२० मध्ये लेखसंख्येवर दिल्या जाणाऱ्या रोख बक्षिसांना आवर घातला. आपल्याकडे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१८ मध्ये आशय पाहण्याचा आग्रह धरला. पण समजा जगातलं एकही विद्यापीठ बदललं नसतं, तरी सरासरी ती सरासरीच.

मग करायचं काय? सहकाऱ्यांना मी हेच उत्तर देतो : वाचायचं. उमेदवाराने स्वतः निवडलेली तीन कामं घ्या. लेख, पुस्तक, संपादित दप्तर, जमवलेली नोंदमाला, काहीही, कोणत्याही भाषेतलं. ती दोन बाहेरच्या तज्ज्ञांनी वाचावीत आणि एकेका पानाचं मत लिहावं : यात नवं काय आहे, पुरावा पुरेसा आहे का, कमतरता कुठे आहे. खाली सही. ते मत उमेदवाराला मिळावं, त्याला उत्तर देता यावं, आणि दोन्ही कागद संस्थेच्या दप्तरात राहावेत. वशिला तोंडी चालतो. सहीनिशी लिहिलेलं, पुढे कोणीही काढून पाहील असं खोटं लिहायला धारिष्ट लागतं, आणि सापडल्यावर उत्तर द्यावं लागतं. चिठ्ठीच्या काळात माझ्या सहकाऱ्यांना कोणी कारण दिलं नव्हतं. आकड्याच्या काळातही ज्यांना नाकारलं त्यांना फक्त बेरीज मिळाली, कारण मिळालं नाही.

शेकडो अर्जांचं काय? पहिली चाळण पदवी, विषय आणि त्या तीन कामांच्या सारांशावर करा आणि दहा-बारा जणांचं नीट वाचा. माणूस पुढे तीस वर्षं शिकवणार आहे. त्याच्यासाठी दोन तज्ज्ञांचे चार दिवस जास्त नाहीत. त्या चार दिवसांचं मानधन द्या.

आणि मोजणी मला नकोच आहे असा अर्थ कोणी काढू नये. यूजीन गारफिल्डने साइटेशन सूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली ती एक कल्पना कुठून कुठे पोहोचली हे शोधता यावं म्हणून. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, आपल्या शियाळी रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावायला सांगितलं. वाचकाला पुस्तक लवकर मिळावं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. कोणती नियतकालिकं घ्यावीत, कोणता विषय कुठे वाढतो आहे, कोणती टोळी एकमेकांचेच हवाले देते आहे, हे मोजणीनेच कळतं. पटवर्धनांनी यादीतला खोटेपणा दाखवला तोही मोजूनच, पण आधी एकेक नियतकालिक उघडून पाहिल्यावर. ग्रंथपालाच्या टेबलावर हे शास्त्र सोन्याचं आहे. निवड समितीच्या टेबलावर ते आपल्याला न वाचण्याची मुभा देतं.

परवा पुन्हा फायलींची बैठक झाली. गुणपत्रक फिरवण्याआधी मी एका उमेदवाराचा लेख मागितला. कार्यालयाकडे प्रत नव्हती, फक्त पहिल्या पानाची झेरॉक्स होती, आयएसएसएन क्रमांक दिसावा म्हणून काढलेली. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती झेरॉक्स हातात घेतली, उलटून पाहिली, मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी शिपायाला हाक मारली आणि उमेदवाराला फोन करून सबंध लेख मागवायला सांगितलं.