जातीच्या आधीचं बीड

बीडचं मत म्हणजे जातीचं मत, असं हल्ली सर्रास गृहीत धरलं जातं. 2024च्या लोकसभेत मराठा विरुद्ध ओबीसी अशा फळ्या गावागावांत उभ्या राहिल्या, आणि बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना 6,553 मतांनी हरवलं. 2014च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने प्रीतम मुंडे यांना जवळपास 7 लाखांचं मताधिक्य दिलं होतं. त्याही मागे जा. 1967 साली बीडकरांनी बाहेरून आलेले कम्युनिस्ट क्रांतिसिंह नाना पाटील निवडले, 1977 साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. तेव्हाही जाती होत्याच. पण मतामागे जमीन कसणाऱ्या कुळाची, मजुरीची, दुष्काळाची गोष्ट होती.

ती गोष्ट आजही संपलेली नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांत मराठा, वंजारी, दलित सगळेच असतात. 2024च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर, टोळ्या गाव सोडून निघण्याच्या वेळी. ज्यांचं पोट उसावर आहे, त्यांचंच मत असं हुकणं हा अन्याय आहे. निवडणूक आयोगाने ऊसतोड मजुरांना कारखान्याच्या तळावर मतदान करू द्यावं, ही आमची मागणी आहे.