'नंतर अपग्रेड करू' म्हणत गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी हे वाचा

इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की लॅपटॉपच्या दुकानांत एक प्रसंग हमखास घडतो. मुलाला गेमिंग लॅपटॉप हवा असतो, वडिलांचं बजेट ७० हजारांवर अडलेलं असतं. मग दुकानदार मधला मार्ग काढतो, "आत्ता हा घ्या, नंतर अपग्रेड होतो."

हे अर्धंच खरं आहे.

रॅम आणि एसएसडीपुरतं ते खरं. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमचे दोन स्लॉट असतात आणि एसएसडीसाठी किमान एक एम.२ स्लॉट. स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा रॅमची एकच पट्टी दिलेली असते. तशीच दुसरी लावली की ड्युअल चॅनल सुरू होतं आणि बऱ्याच गेम्समध्ये एफपीएस वाढतात. अर्थात, डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही. बारीक, हलक्या मॉडेलमध्ये तर एलपीडीडीआर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती घेताना जेवढी, तेवढीच कायम.

हे दुकानातच तपासता येतं. डेमो लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडीआयएमएम' दिसलं तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर बहुधा सोल्डर केलेली आहे.

खरी अडचण ग्राफिक्सची. ग्राफिक्स चिप, तिची मेमरी आणि प्रोसेसर आज जवळपास सगळ्याच लॅपटॉपमध्ये बोर्डवर पक्के असतात. आरटीएक्स ४०५० घेतला तर त्याची ६ जीबी व्हीरॅम कायम ६ जीबीच राहणार. रॅम ८ची ३२ जीबी केली तरी त्यात भर पडत नाही, आणि हाच गैरसमज सर्वात महागात पडतो. बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा मार्ग आहे, पण डबा आणि कार्ड मिळून होणाऱ्या खर्चात चांगला डेस्कटॉप उभा राहू शकतो.

कंपन्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. डेलने २०१९मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम आणला तेव्हा अपग्रेडची मोठी जाहिरात झाली. पुढच्या पिढीचे भाग मात्र त्यात बसले नाहीत आणि २०२१मध्ये अमेरिकेत ग्राहकाने दावा दाखल केला. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपचं ग्राफिक्स मॉड्यूल खरंच बदलता येतं, पण तो अपवाद.

म्हणून मी तरी पैसे ग्राफिक्सवर घालीन, रॅम आणि एसएसडी पुढच्या वर्षावर ढकलीन. तिथेही नुसत्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०६० एकाच नावाने ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतो आणि कामगिरीतला फरक मोठा असतो. हा वॉटचा आकडा आणि रिकाम्या स्लॉटची संख्या खोक्यावर ठळक छापायला कंपन्यांना काय जड जातं, कळत नाही. आरजीबी लाइटचा उल्लेख मात्र कधी चुकत नाही.

आणि हो, मागचं झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का, हे दुकानदाराला विचारू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.