यादीबाहेरची माणसे

इराणमध्ये विद्यापीठात शिकायचे तर ‘कोंकूर’ नावाची देशव्यापी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वर्षभर क्लास, सराव परीक्षा, घरच्यांची घालमेल, सगळे आपल्या नीट-जेईईसारखेच. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की बाकीच्यांना गुण दिसतात. बहाई घरातल्या मुलामुलींना मात्र २००६ पासून पुन:पुन्हा एकच ओळ दिसत आली आहे : तुमची फाइल अपूर्ण आहे. कोणता कागद राहिला, तो कुठे द्यायचा, याला उत्तर नसते. हेलपाटे घालून थकल्यावर एखाद्याला तोंडी सांगितले जाते की तुम्ही बहाई आहात आणि लेखी काही मिळणार नाही. त्याआधीची पद्धत अधिक उघड होती. अर्जावर धर्माचा रकाना असे आणि त्यात चारच पर्याय असत : इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी, जरथुष्ट्री. आपला धर्म लपवायचा नाही हा बहाईंचा दंडक असल्यामुळे खोटी खूण करून आत शिरणे त्यांना मान्य नव्हते. त्यामुळे फॉर्म भरण्याआधीच वाट बंद होई.

हे चार पर्याय कोणा कारकुनाच्या डोक्यातून निघाले नव्हते. इस्लामी प्रजासत्ताकाच्या १९७९ च्या राज्यघटनेचे तेरावे कलम सांगते की जरथुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती इराणी हेच काय ते मान्यताप्राप्त धार्मिक अल्पसंख्य. सुमारे तीन लाख बहाई, म्हणजे देशातला सर्वांत मोठा बिगर-मुस्लिम समाज, या यादीत नाही. आणि जिथे हक्क यादी पाहून मिळतात तिथे यादीत नसलेल्या माणसाचे काय करायचे हे प्रत्येक कचेरी आपापल्या परीने ठरवू शकते.

या वैराचे मूळ १८४४ मध्ये आहे. त्या वर्षी शिराझच्या सय्यद अली मुहंमद या तरुण व्यापाऱ्याने आपण ईश्वराकडे नेणारे ‘बाब’, म्हणजे दार, आहोत अशी घोषणा केली. मुहंमद पैगंबर हे शेवटचे, ही मुसलमानांची श्रद्धा. तिच्यानंतर नवा संदेश आणणारा माणूस धर्मपंडितांना पाखंडी वाटला यात नवल नाही. पण त्या संतापात पोटाचाही प्रश्न मिसळलेला होता. या मार्गातून पुढे उभा राहिलेला बहाई धर्म पुरोहितवर्गच मानत नाही, स्त्री-पुरुषांना बरोबरीचे मानतो आणि सत्याचा शोध ज्याचा त्याने घ्यावा असे सांगतो. मुल्लांच्या अधिकाराला याहून थेट आव्हान कोणते असणार? बाबना १८५० मध्ये तबरीझमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. १८४८ मध्ये बदश्त येथे पुरुषांच्या सभेत बुरखा दूर करून उभी राहिलेली बाबची अनुयायी, विदुषी कवयित्री ताहिरा १८५२ मध्ये तेहरानमध्ये मारली गेली.

१८५२ च्या त्या उन्हाळ्याकडे जरा थांबून पाहायला हवे. बाबच्या काही मोजक्या तरुण अनुयायांनी नासेरुद्दीन शाहवर गोळी झाडली, शाह बचावला आणि सूड सुरू झाला. वजीर मिर्झा आगा खान नूरी याला भीती होती की एवढ्या रक्ताचा दोष एकट्या दरबारावर येईल. म्हणून त्याने कैदी वाटून टाकले. काही राजपुत्रांना, काही तोफखान्याला, काही व्यापाऱ्यांना, तर काही दारुल्फुनून या नव्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा माणूस मारायचा, म्हणजे हात सगळ्यांचेच रंगतील आणि कोणी कोणाकडे बोट दाखवणार नाही. कोणत्या गटाने कोणाला मारले याची वार्ता सरकारी गॅझेटात छापून आली.

छळाची वाटणी करण्याची ही रीत पुढच्या पावणेदोनशे वर्षांत मोडली गेली नाही. तिचे हत्यार तेवढे बदलले.

बहाउल्ला, म्हणजे बाबच्या अनुयायांतले पुढारी आणि बहाई धर्माचे संस्थापक, या धरपकडीत तेहरानच्या सियाह-चाल या अंधारकोठडीत पडले. तिथून हद्दपारी : बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि १८६८ मध्ये ऑटोमन साम्राज्याची तुरुंगनगरी अक्का. अक्केजवळच १८९२ मध्ये त्यांचा अंत झाला. अक्का आणि शेजारचे हैफा आज इस्राएलमध्ये आहेत आणि बहाईंचे जागतिक केंद्र हैफात आहे. एवढ्या आधारावर इराणची न्यायालये बहाईंना इस्राएलचे हेर ठरवत आली. बहाउल्ला कैदी म्हणून अक्केला पोचले तेव्हा इस्राएल जन्माला यायला ऐंशी वर्षे होती, आणि त्यांना मूळ देशाबाहेर काढले होते ते इराणच्याच शाहने.

या कथेत मुंबई दोन ठिकाणी येते. इराणमध्ये बहाई ग्रंथ छापणे म्हणजे प्राणाशी गाठ, म्हणून १८८० आणि १८९० च्या दशकांत ते मुंबईत शिळाछापावर छापले गेले आणि जहाजांनी परत गेले. दुसरी गोष्ट मुंबईच्या पारशांची. यझद आणि केरमानच्या जरथुष्ट्रींना घोड्यावर बसायची मनाई, उंच घर बांधायची मनाई, वर जिझिया कर. त्यांचे हाल ऐकून मुंबईच्या पारशांनी मंडळ काढले आणि १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला धाडले. माणेकजींनी दरबाराच्या पायऱ्या झिजवल्या, शाळा काढल्या, अहवाल लिहिले, ब्रिटिश वकिलातीला मध्ये घातले. १८८२ मध्ये शाहने जरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. अठ्ठावीस वर्षे लागली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत बसून ब्रून-मस्का खाताना आपण ज्यांच्या कष्टाची चव घेतो, त्यांतल्या बहुतेकांचे वाडवडील याच यझद-केरमानमधून आले. ते आले त्याला दुष्काळ आणि गरिबी कारण होती, तसा हा जाचही. हेच माणेकजी बगदादमध्ये बहाउल्लांना भेटले होते, आणि पुढे माणेकजींच्या चिटणिसाचे काम करणारे मिर्झा अबुल फझल हे बहाई धर्मातले मोठे विद्वान ठरले.

१९०६ च्या घटनात्मक क्रांतीने संसद आणली, जरथुष्ट्री, यहुदी, ख्रिस्ती प्रतिनिधींना जागा मिळाली. बहाईंना नाही. यादी तेव्हाच आखली गेली होती. १९७९ ने ती कोरून पक्की केली. मधल्या पहलवी राजवटीला आधुनिक म्हणण्याची प्रथा आहे. पण रझा शाहच्या सरकारने १९३४ मध्ये तेहरानमधल्या बहाईंच्या तर्बियत शाळा बंद केल्या. कारण इतकेच की आपल्या सणाला शाळांनी सुटी दिली. या शाळांमध्ये मुलींच्या शिक्षणाचा पाया घातला गेला होता. १९५५ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५३ च्या उठावानंतर गादीवर परतलेल्या मोहम्मद रझा शाहला मौलवींचे देणे फेडायचे होते. त्या वर्षी रमजानमध्ये फल्सफी नावाच्या प्रवचनकाराला राष्ट्रीय रेडिओवरून बहाईंविरुद्ध रोज बोलू दिले गेले, आणि तेहरानच्या बहाई केंद्राचा घुमट पाडताना खुद्द लष्करप्रमुख बातमानगेलिच हाती कुदळ घेऊन उभा राहिला. परदेशातून ओरड झाली तेव्हा शाहने हात आखडता घेतला. चोवीस वर्षांनी याच बहाईंवर ‘शाहचे हस्तक’ असा शिक्का बसला.

१९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर जे झाले ते सांगताना आकडे पुरत नाहीत, तरी सांगायलाच हवेत. ऑगस्ट १९८० मध्ये बहाईंच्या राष्ट्रीय सभेचे नऊही सदस्य एका बैठकीतून उचलले गेले. ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यांच्या जागी निवडलेल्यांपैकी आठ जणांना डिसेंबर १९८१ मध्ये मारले. एकूण दोनशेहून अधिक जणांचे प्राण गेले. सरकारी नोकऱ्या गेल्या, निवृत्तिवेतन थांबले, लग्ने अमान्य ठरली.

१८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आली. बहुतेक जणी विशी-तिशीतल्या. सर्वांत धाकटी मोना महमूदनिजाद सतरा वर्षांची. तिचा गुन्हा, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणे. तिच्या वडिलांना तीन महिन्यांपूर्वीच फाशी झाली होती. दोन दिवस आधी सहा पुरुष गेले होते. या स्त्रियांना पुन:पुन्हा सांगण्यात आले की धर्म सोडल्याचे लिहून द्या, सुटाल. हेरांना अशी सवलत कोणतेही सरकार देत नाही. आरोप हेरगिरीचा होता, शिक्षा श्रद्धेची होती, हे त्या एका अटीतूनच कळते. ऑगस्ट १९८३ मध्ये सरकारी वकिलाने बहाईंच्या साऱ्या संस्थांवर बंदी घातली आणि राज्याचा हुकूम पाळायचा या आपल्या तत्त्वानुसार बहाईंनी त्या स्वतःच विसर्जित केल्या.

मोनाच्या फाशीने जग हादरले, हे तेहरानच्या लक्षात आले. १९९१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च सांस्कृतिक क्रांती परिषदेने एक गोपनीय टिपण तयार केले आणि सर्वोच्च नेते खामेनेई यांनी त्याला मान्यता दिली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी गालिंदो पोल यांनी ते उजेडात आणले. त्यात विनाकारण अटक नको, हद्दपारी नको असे म्हटले आहे. त्याचबरोबर बहाईंची प्रगती रोखली जाईल असाच व्यवहार ठेवा, बहाई म्हणून कळला की विद्यापीठातून काढा, नोकरी देऊ नका, असेही. मला हे टिपण त्या फाशीच्या हुकमांइतकेच भयंकर वाटते. १८५२ मध्ये वजिराने माणसे वाटली; १९९१ मध्ये काम वाटले गेले. प्रवेश नाकारणारा वेगळा, परवाना अडवणारा वेगळा, आणि प्रत्येकाला वाटते की आपण फक्त एक कागद बाजूला ठेवला. २००७ मध्ये तेहरानच्या पोलिसांचे एक पत्र निघाले. खाद्यपदार्थांसारख्या, जिथे शुद्धतेचा प्रश्न येतो त्या धंद्यांचे परवाने बहाईंना देऊ नयेत. विटाळाच्या नावाखाली माणसाची रोजी कशी मारता येते, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

बहाईंनी याला दिलेले उत्तर मात्र मन भरून यावे असे आहे. नोकरीवरून काढलेले प्राध्यापक आणि प्रवेश नाकारलेली मुले यांना एकत्र आणून १९८७ मध्ये त्यांनी घरगुती विद्यापीठ उभे केले. कुणाच्या दिवाणखान्यात गणित, कुणाच्या स्वयंपाकघरात रसायनशास्त्राचे प्रयोग, झेरॉक्स काढलेल्या नोट्स टपालाने गावोगाव. १९९८ मध्ये पाचशेहून अधिक घरांवर छापे पडले, पुस्तके-यंत्रे जप्त झाली. काही दिवसांत वर्ग पुन्हा भरले. २०११ मध्ये तेच. २००८ मध्ये समाजाचे रोजचे व्यवहार पाहणाऱ्या सात जणांना पकडून दहा-दहा वर्षे तुरुंगात ठेवले. त्यांचे वकीलपत्र घेणाऱ्या नोबेलविजेत्या शिरीन एबादींना देश सोडावा लागला. सातांपैकी कवयित्री महवश साबेत आणि फरिबा कमालाबादी या दोघींना सुटकेनंतर जुलै २०२२ मध्ये पुन्हा धरले आणि पुन्हा दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

मेलेल्यांचीही सुटका नाही. शिराझच्या बहाई दफनभूमीत सुमारे साडेनऊशे कबरी होत्या, १९८३ च्या त्या दहा जणींच्याही. २०१४ मध्ये रिव्होल्यूशनरी गार्डच्या लोकांनी ती खणायला घेतली. मार्च २०२४ मध्ये तेहरानच्या खावरान भागात तीसहून अधिक कबरी सपाट केल्या गेल्या.

यादीतले तरी सुरक्षित आहेत का? यझदच्या नगर परिषदेवर लोकांनी निवडून दिलेले जरथुष्ट्री सदस्य सेपांता निकनाम यांना २०१७ मध्ये निलंबित करण्यात आले. कारण, मुस्लिम बहुसंख्येवर बिगर-मुस्लिमाने अधिकार चालवू नये. पुढच्या वर्षी त्यांना जागा परत मिळाली. ख्रिस्ती धर्म मान्यताप्राप्त, पण धर्मांतर केलेल्या मेहदी दिबाज यांच्यासाठी आवाज उठवणारे बिशप हाइक होवसेपियान १९९४ मध्ये मारले गेले आणि त्याच वर्षी दिबाजही. यादी करणाऱ्याच्या हातात खोडरबरही असतो.

या अंधारात एक आवाज मला फार मोलाचा वाटतो, आणि तो कुठल्या पाश्चात्त्य संस्थेचा नाही. आयातोल्ला मोंतझेरी हे एकेकाळी क्रांतीचे नेते खोमेनी यांचे ठरलेले वारस. कैद्यांच्या सामूहिक हत्येला विरोध केला म्हणून १९८९ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. बहाई धर्म त्यांना कधीच मान्य नव्हता. तरीही मे २००८ मध्ये, कोमसारख्या धर्मनगरीतून, त्यांनी लेखी मत दिले की बहाई या देशाचे नागरिक आहेत, इथल्या पाण्यावर आणि मातीवर त्यांचा हक्क आहे. धर्म खरा की खोटा, हा प्रश्नच त्यांनी बाजूला काढला. नागरिक असणे पुरेसे मानले. उलट २०२० मध्ये माझंदरान प्रांतातल्या ईवेल गावी, जिथे बहाई शेतकरी दीडशेहून अधिक वर्षे राबत आले, तिथे न्यायालयाने त्यांच्या श्रद्धेकडे बोट दाखवून जमिनी काढून घेतल्या. मोंतझेरींचे मत आणि ईवेलचा निकाल एकाच शिया धर्मशास्त्राचा आधार सांगतात. म्हणजे अडथळा शास्त्राचा असण्यापेक्षा ते वाचणाऱ्या सत्तेचा अधिक आहे.

एप्रिल २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने या साऱ्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले. भारताने मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये, इराणमधल्या दडपशाहीच्या चौकशीचा ठराव मानवाधिकार परिषदेत आला तेव्हा, तटस्थ राहणे पसंत केले. मे २०२४ मध्ये आपण चाबहार बंदरासाठी दहा वर्षांचा करार केला. तेल, बंदरे, मध्य आशियाचा रस्ता, हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण ज्या देशाने बहाईंना १९८६ मध्ये राजधानीत कमळमंदिर बांधू दिले, जिथे १९४५ पासून पाचगणीत त्यांची शाळा चालते, त्या देशाचे तेहरानशी बोलणे केवळ मालवाहतुकीपुरते असू नये. आपली तेहरानशी मैत्री आहे, म्हणूनच आपले शब्द तिथे ऐकले जाण्याची शक्यता अधिक आहे. माणेकजींच्या हाती ना सैन्य होते ना ठराव. मुंबईच्या लोकांनी गोळा केलेली वर्गणी होती आणि चिकाटी होती. आज मागायचे ते फार नाही : कोंकूर उत्तीर्ण झालेल्या मुलांना प्रवेश, ईवेलच्या शेतकऱ्यांना जमिनी, मृतांना शाबूत कबर, आणि महवश साबेत-फरिबा कमालाबादी यांच्यावरची शिक्षा रद्द. हे दिल्लीने तेहरानकडे मागावे, आणि दिल्लीने ते मागावे म्हणून इथल्या खासदारांना पत्रे जावीत, मुंबई-पुण्यातून आणि पाचगणीतूनही.