साखळीला बांधलेला दिवस

सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या पेन्सिल चौकातून एमआयडीसीकडे वळतात, शाळेच्या व्हॅन निघून जातात आणि जळोची, रुई, तांदूळवाडीकडच्या नव्या वसाहती शांत होतात. मग कुठल्या तरी बंद दाराआडून किंवा पोर्चमधून कुत्र्याचे भुंकणे सुरू होते. थोड्या वेळाने त्याचे रडणे होते. इंदापूर, भिगवणच्या नोकरदार वस्त्यांतही हेच ऐकू येते. शेजाऱ्यांना ते रोज ऐकावे लागते. मालकाला मात्र त्याची कल्पनाच नसते, कारण तो घरी असतो तेव्हा कुत्रा शांत असतो.

आपल्या भागात कुत्रा एकटा राहण्याची वेळ पूर्वी फारशी येत नसे. वस्तीवर कुणी ना कुणी असायचेच. आजी दारात, कुणी गोठ्यात, कुणी बांधावर, आणि कुत्रा त्यांच्यामधून मोकळा फिरायचा. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात धनगरांच्या मेंढवाड्यावरचा कुत्रा तर आजही दिवसभर माणसांबरोबर आणि कळपाबरोबर चालतो. ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांबरोबरही त्यांची कुत्री येतात, कोपीजवळ राहतात, फडात जातात. या कुत्र्यांना खायला बेताचेच मिळते, लशीही क्वचितच मिळत असतील. पण एकटेपणा त्यांच्या वाट्याला येत नाही. वीस-पंचवीस हजार रुपये देऊन आणलेल्या लॅब्रॅडॉरच्या वाट्याला तो रोज येतो.

कुत्रा माणसाजवळ आला त्याला किमान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली. इतक्या पिढ्यांत माणसाची सोबत ही त्याची केवळ आवड राहिलेली नाही, गरज झाली आहे. १९९८ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्ट येथील योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी वापरली जाणारी एक चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली. अनोळखी खोली, सोबत मालक. मग मालक बाहेर जातो, अनोळखी माणूस आत येतो, पुन्हा मालक परततो. आई खोलीबाहेर गेल्यावर आणि परत आल्यावर मूल जसे वागते, त्याच्याशी कुत्र्यांच्या वागण्याचे बरेच साम्य आढळले. आपण गेल्यावर दाराशी बसून राहणाऱ्या कुत्र्याला 'लाडावलाय' म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी.

मग किती तास एकटे ठेवावे? सगळ्यांना एक आकडा हवा असतो. स्वीडनमध्ये थेरेस रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ मध्ये कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास घरी एकटे ठेवून पाहिले. दोन आणि चार तासांनी मालक परतला तेव्हा कुत्र्यांनी त्याचे स्वागत अर्ध्या तासाच्या मानाने जास्त जोरात केले. शेपूट, अंग झाडणे, ओठ चाटणे, सगळेच वाढलेले होते. म्हणजे वेळेचा फरक त्यांना पडतो. त्याच देशात दिवसा दर सहा तासांनी तरी कुत्र्याला बाहेर काढावे असा नियम आहे. वरपर्यंत भरलेल्या मूत्राशयाचा विचार केला तरी तो नियम शहाणपणाचा वाटतो. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला तर तीन-चार तासही फार होतात.

कंपनीची पाळी आठ तासांची, जाण्या-येण्याचा वेळ वेगळा, म्हणजे घर साडेनऊ-दहा तास बंद. एवढ्या वेळात मध्ये कुणीही येत नसेल, तर माझ्या मते त्या घराने कुत्रा आणू नये. हे कठोर वाटेल. पण दहा तासांचा एकटेपणा वर्षाचे तीनशे दिवस, दहा-बारा वर्षे, असा हिशेब केला की त्यातला कठोरपणा नेमका कुणाच्या बाजूने आहे ते दिसते.

आता त्याहून वाईट गोष्टीकडे येऊ. घरात घाण नको म्हणून पुष्कळ जण जाताना कुत्रा पोर्चमध्ये, जिन्याखाली किंवा गच्चीवर साखळीने बांधतात. आत एकटा असलेला कुत्रा निदान जागा बदलतो, थंड फरशी शोधतो, झोपतो. बांधलेला कुत्रा येणारे-जाणारे पाहून दिवसभर झटके मारत राहतो. चिडतो, घाबरतो, आणि त्याला पळता येत नसल्याने त्याच्याकडे चावण्याचाच मार्ग उरतो. मग 'आमचा राखणीला चांगला आहे' असे कौतुक होते. उसाच्या कडेला वस्ती असेल तर रात्री बांधलेला कुत्रा बिबट्याला आयताच सापडतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला होता.

आणि ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचे आणि श्वासनलिकेतले पाणी उडवून तो अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६च्या आसपास गेले की उष्माघात, आणि त्यातून मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळ्यांनाच धोका. पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबवर बांधलेल्या, साखळीने पाण्याचे भांडे सांडून बसलेल्या कुत्र्याला तिथवर पोहोचायला संध्याकाळ व्हावी लागत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर धापा टाकण्याचे यंत्रच अधू असते. हस्की ही बर्फातली जात बारामतीत कुणी का आणावी, हे मला आजवर समजलेले नाही. असा धापा टाकत कोलमडलेला कुत्रा दिसला तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर नळाचे साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि थेट पशुवैद्यकाकडे न्यावे.

कायदा याबाबत गप्प नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, नेहमी साखळीने बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे हा मालकाचा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे लिहिला आहे. साठ वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हे दिसले होते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये.

घरात कुत्रा आधीच असेल तर काय करावे? सर्वांत आधी दुपार सांभाळावी. आपल्या गावांत अजून एक सोय शिल्लक आहे, जी पुण्या-मुंबईतल्या लोकांना पैसे मोजून घ्यावी लागते: ओळखीचा शेजार. समोरच्या काकू, निवृत्त झालेले गुरुजी, दुपारी कॉलेजातून परतणारा पुतण्या, कुणाकडे तरी किल्ली द्यावी. बारा-एकच्या सुमारास अर्धा तास, उन्हाळ्यात सावलीतल्या सावलीत थोडे चालणे, ताजे पाणी, चार शब्द. त्यासाठी महिन्याला काही रक्कम देण्यात संकोच नको. कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीवर आपण त्याहून जास्त खर्च करतो. पाळ्या वेगवेगळ्या असलेल्या दोन घरांना तर आलटून-पालटून हे फुकटात जमेल.

सकाळी निघण्यापूर्वी चांगले पाऊण तास फिरवावे, तेही दोरी ओढत भरभर नव्हे, त्याला हुंगू द्यावे. हुंगल्याने त्याचे डोके थकते आणि थकलेला कुत्रा झोपतो. जाताना मिठ्या, समजूत, निरोप असा सोहळा करू नये. पाणी दोन जड भांड्यांत, दोन ठिकाणी. पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सव्वा ते दीड लिटर तरी लागते, उन्हाळ्यात जास्त. उंदराचे औषध आणि द्राक्षे-बेदाणे त्याच्या तोंडाच्या टप्प्यात नकोत. इंदापूरकडे द्राक्षांच्या दिवसांत घरोघरी पेट्या असतात म्हणून मुद्दाम सांगतो: द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

काही कुत्र्यांचा त्रास मात्र एवढ्याने जात नाही. दार ओरबाडणे, नखे रक्ताळणे, लाळ गळणे, एरवी शिस्तीचा असूनही एकटा असतानाच घरात लघवी करणे, हा खोडकरपणा नव्हे, विरहाची भीती असते. फिनलंडमध्ये १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या पाहणीत, २०२० मध्ये, अशी लक्षणे सुमारे ५ टक्के कुत्र्यांत नोंदवली गेली. आपला कुत्रा त्यांपैकी आहे का, हे कळायला जुना मोबाइल पुरतो. तो रेकॉर्डिंगला लावून घराबाहेर पडावे. भीती असेल तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. मग सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटे बाहेर, मग पाच, मग दहा, असे तो शांत राहील तेवढेच वाढवत न्यावे लागते. याला आठवडे लागतात. संध्याकाळी परतल्यावर फाटलेल्या गादीवरून मार दिला तर त्याला एवढेच कळते की मालक परत येणे हीसुद्धा भिण्याची गोष्ट आहे. यावर औषधेही आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता मिळाली. पण ती सवय लावण्याच्या जोडीने द्यायची असतात आणि पशुवैद्यकाने तपासूनच. घरातल्या माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देणारे लोक आहेत, म्हणून हे वेगळे लिहिले.

सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पहिल्याला माणूस हवा असतो. दुसऱ्या कुत्र्याने ती जागा भरतेच असे नाही, आणि मग भुंकणारे दोन होतात.